दोरे शेवटी बांधा

ऑक्टोबर लागला की मोबाइलच्या पडद्यावर पावाचे भोपळे दिसायला लागतात. गोल गोळ्याला चारी बाजूंनी दोरे बांधलेले, भाजून वर आल्यावर दोऱ्यांच्या मधल्या भागाला टम्म पाकळ्या फुटलेल्या आणि देठाच्या जागी दालचिनीची कांडी. सावरडोचा हा सणासुदीचा लोफ आता आपल्याकडेही हौसेनं केला जातो. त्या हौसेला माझा नमस्कार. घरी सावरडो करायचा म्हणजे दोन दिवसांची बांधिलकी, आणि ती आपणहून पत्करणाऱ्या माणसाबद्दल मला आदरच आहे. माझं भांडण वेगळं आहे. सगळं लक्ष दोऱ्यांवर, कांडीवर, फोटोवर. आणि पाव मात्र त्याच्या कितीतरी आधी, परातीत झाकून ठेवलेला असतानाच हातचा गेलेला.

हा लोफ जिथून आला तिथं त्याचं सगळं जागच्या जागी आहे. अमेरिकेत ३१ ऑक्टोबरला हॅलोविन, नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग. कॅनडात थँक्सगिव्हिंग ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारीच येतं. भोपळ्यांचा तो ऐन हंगाम. उत्तर युरोपात गव्हाची कापणी उन्हाळ्याच्या अखेरीस उरकते आणि मग सुगीचा पाव चर्चमध्ये नेऊन ठेवतात. इंग्लंडमधल्या चर्चचा सुगीचा सण आज ज्या रूपात दिसतो त्याची सुरुवात १८४३ मध्ये कॉर्नवॉलमधल्या मॉर्विन्स्टो गावच्या रॉबर्ट हॉकर या धर्मोपदेशकानं केली. त्या सणाला गव्हाच्या पेंढीच्या आकाराचा मोठा पाव करतात आणि त्यावर पिठाचा एक इवलासा उंदीरही चढवतात. जर्मनीत ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी असाच सुगीचा सण. बाहेर गारवा पडायला लागलेला, स्वयंपाकघरात अठरा-वीस अंश, ओव्हन लावला की घराला ऊब येते. पीठ रात्रभर ओट्यावर राहिलं तरी सकाळी नेमकं तयार. ऋतू, धान्य, सण आणि खोलीतली हवा यांचं एकमेकांशी जमलेलं.

आपण त्यातला आकार उचलला. कृती उचलली तीही घड्याळासकट. आणि इथं ऑक्टोबर हीट.

पुण्यात ऑक्टोबरच्या दुपारी पारा ३१-३२ अंशांवर असतो, रात्री १९-२० वर उतरतो. मुंबईत दुपारी ३३-३४, आणि रात्रीही चोविशीच्या आसपासच. परदेशी कृती सांगते, ‘पीठ आठ ते बारा तास फुगू द्या.’ मुंबईच्या ओट्यावर तेच पीठ चार तासांत तयार होतं, सहाव्या तासाला ढिलं पडतं आणि आठव्या तासाला परातीतून निथळायला लागतं. मग ते उचललं की बोटांना चिकटतं, आकार धरत नाही, भाजलं की भाकरीसारखं पसरतं. ज्यांचं असं होतं त्या बहुतेकांना वाटतं की आपल्या हाताला गुण नाही. हाताला काहीही झालेलं नसतं. घड्याळ दुसऱ्या देशाचं होतं.

हे का होतं ते समजून घेण्यासारखं आहे, कारण एकदा ते कळलं की कृतीचा कागद लागतच नाही. सावरडो ज्यावर फुगतो त्या पीठ-पाण्याच्या आंबवणात, म्हणजे स्टार्टरमध्ये, दोन जमाती नांदतात. एक यीस्ट, ते हवा भरतं. दुसरे लॅक्टिक आम्ल बनवणारे जीवाणू, ते आंबटपणा देतात. जीवाणू यीस्टच्या साधारण शंभरपट असतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या पावात सापडला म्हणून ज्याला त्या शहराचं नाव मिळालं, तो जीवाणू ३२-३३ अंशांना सर्वांत जोमात वाढतो. त्याच्या सोबतीचं यीस्ट २७ च्या आसपास खुशीत असतं आणि ३६ च्या पुढे वाढणंच थांबवतं. म्हणजे आपल्या ऑक्टोबरच्या दुपारी आंबटपणा पुढे पळतो आणि हवा मागे राहते. आम्ल वाढलं की पिठातली प्रथिनं तोडणारी विकरं कामाला लागतात, ग्लुटेनचे धागे सैल पडतात आणि असलेली हवाही धरून ठेवता येत नाही. पाव एकाच वेळी आंबट आणि बसका होतो तो असा.

उपाय साधे आहेत. दुपार सोडा, संध्याकाळी मळा. पुणेकरांना तर ऑक्टोबरची रात्र म्हणजे वरदानच आहे. कोजागरीला एरवीही जागायचंच असतं. पाणी फ्रिजमधलं घ्या. कृतीत १०० ग्रॅम स्टार्टर लिहिलं असेल तर ४०-५० ग्रॅम घ्या. स्टार्टरलाही समान पीठ-पाण्याचा खुराक या दिवसांत पुरत नाही, दुपारपर्यंत ते उपाशी पडतं. वजनानं एक भाग स्टार्टरला पाच भाग पीठ आणि पाच भाग पाणी द्या. गोळा वळून झाला की सरळ फ्रिजमध्ये, रात्रभर.

आणि घड्याळाऐवजी हे बघा. मळून झाल्यावर पिठातला लिंबाएवढा गोळा काढा, सरळ काठांच्या लहान काचेच्या ग्लासात दाबून बसवा, त्याच्या उंचीवर रबरबँड चढवा आणि ग्लास परातीशेजारी ठेवा. तासाभरात काही दिसत नाही. मग काचेला चिकटून टाचणीच्या डोक्याएवढे बुडबुडे उमटतात. ते वाढत ज्वारीच्या दाण्याएवढे होतात, पिठाची पातळी रबरबँड सोडून वर सरकते, मधोमध किंचित फुगीर दिसते. पातळी निम्म्यानं वाढली, म्हणजे चार बोटांचं पीठ सहा बोटांवर आलं, की परातीकडे वळा. परात हलवली तर पीठ एकसंध डुलतं, काठाकडून सुटतं, ओल्या बोटानं दाबलं तर खळगा सावकाश भरून येतो. इथं थांबायचं. किती वाजले, हा प्रश्न गैरलागू आहे. फुगीर माथा सपाट होऊन मध्ये खळगा पडायला लागला असेल तर वेळ टळून गेली. त्या पिठाला दोरे बांधून भोपळा होणार नाही, त्याचा पसरट पाव करा आणि आनंदानं खा.

आता भोपळ्याकडे येऊ. आकार भोपळ्याचा आणि आत भोपळ्याचा मागमूस नाही, असले लोफ मी बरेच पाहिले. त्याऐवजी चवीला म्हणून ‘पम्पकिन स्पाइस’ नावाची पूड, म्हणजे दालचिनी, आलं, जायफळ, लवंग. स्टारबक्सनं २००३ मध्ये या मसाल्याची कॉफी बाजारात आणली आणि तेव्हापासून अमेरिकेतल्या शरद ऋतूचा वासच जणू ठरून गेला. पण पावाच्या पिठात हा मसाला मुठीनं घालणं म्हणजे यीस्टच्या पायात बेड्या घालणं. दालचिनीतलं सिनॅमाल्डिहाइड आणि लवंगेतलं युजेनॉल बुरशी आणि यीस्ट दोन्ही रोखतात. म्हणून तर आपल्याकडे टिकाऊ पदार्थांत हे मसाले पूर्वापार पडतात. एका लोफला पाव चमचा दालचिनी चालते. त्याहून जास्त हवी असेल तर ती पिठात मळू नका. पीठ फुगून झाल्यावर, गोळा वळताना घडीत भुरभुरा. सणाचा वास हवा तर चिमूटभर जायफळ आणि चार वेलदोडे पुरतात, तो वास आपल्या दिवाळीचाही आहे.

भोपळा मात्र खरा घाला. लाल भोपळा मूळचा अमेरिका खंडातलाच, पण इथं तो इतका रुळला की आपल्या सुग्रणींनी त्याच्यासाठी पिठाचं गणित बसवून ठेवलं. घारगे आठवा. भोपळ्याचा कीस गुळात शिजवायचा, आणि त्यात मावेल तेवढीच कणीक. वरून पाण्याचा थेंब नाही. कारण पाणी भोपळ्यात आहेच, हे त्यांना ठाऊक होतं. परदेशी कृती वाचून लोफ करणारे नेमके इथं फसतात: तिथला डबाबंद गर दाट असतो, आपण भोपळा कुकरला लावून पाणचट गर घेतो, कृतीतलं पाणीही पुरतं ओततो, आणि पिठाचा रबडा करून बसतो. भोपळा कुकरला लावू नका. फोडी सालासकट ओव्हनमध्ये किंवा झाकण न ठेवता कढईत कडा तांबूस होईस्तोवर भाजा, मग चमच्यानं गर काढा. भाजलेल्या दीडशे ग्रॅम गरात सव्वाशे ग्रॅमच्या आसपास पाणी धरा आणि तेवढं वरच्या पाण्यातून वजा करा. रंगासाठी आणखी काही लागत नाही. आतली जाळी आपोआप हळदुल्या केशरी रंगाची येते.

धान्याचं बोलायलाच हवं, कारण ऋतू खरा तिथून पावात शिरतो. आपल्याकडे गहू रब्बीचा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरायचा आणि फेब्रुवारी-मार्चपासून काढायचा. दसऱ्याला घरात जो गहू असतो तो सहा-सात महिन्यांपूर्वीचा. या दिवसांत गव्हाचं नवं पीठ आपल्याकडे नसतंच. नवं येतं ते खरिपाचं: बाजरी, भात, मका, आणि पाठोपाठ नाचणी. कोकणात नवान्न होतं ते भाताचं. दारावर नव्या लोंब्या बांधतात. तेव्हा इथल्या शरदातला लोफ करायचा तर त्यात खरिपाला जागा हवी. नाचणीत किंवा बाजरीत ग्लुटेन नसतं, त्यामुळे ती नुसती मिसळली तर पाव भुसभुशीत होतो. पण भाकरी करणाऱ्या प्रत्येक घराला त्याची युक्ती माहीत आहे: उकड काढा. ५० ग्रॅम नाचणीच्या पिठावर १०० ग्रॅम उकळतं पाणी ओता, घोटा, झाकून पूर्ण गार होऊ द्या. त्यातलं स्टार्च पाणी धरून ठेवतं आणि लोफ तिसऱ्या दिवशीही कोरडा पडत नाही.

पुरं माप सांगून टाकतो. मैदा ३५० ग्रॅम, पाकिटावर शंभर ग्रॅममागे ११-१२ ग्रॅम प्रोटीन छापलेला, कणीक १००, नाचणी ५०, वर सांगितलेल्या उकडीच्या रूपात, भाजलेल्या भोपळ्याचा गर १५०, उकडीतलं धरून पाणी एकूण २२०, जागं, फुगलेलं स्टार्टर ५०, मीठ १०. पाणी आधी थोडं हातचं राखा, कारण कणकेवर बरंच अवलंबून असतं. आपली चक्की पीठ दाबून, तापवून दळते. त्यात स्टार्चचे कण फुटतात, असं पीठ पाणी जास्त पितं आणि त्याची साखरही लवकर होते. पोळी मऊ राहते ती त्याच्यामुळे, पण तासन् तास आंबणाऱ्या पिठात तेच चिकटपणा वाढवतं. म्हणून इथं कणीक शंभरच. सांगली-कोल्हापूरकडचा खपली गहू घालायचा असेल तर जरूर घाला, चव उत्तम येते. पण त्याचं ग्लुटेन नाजूक, तो पुरणपोळीचा आणि खिरीचा गहू आहे. एकूण पिठाच्या पाव हिश्शापलीकडे नेऊ नका.

स्टार्टरबद्दल दोन गोष्टी रागानं सांगायच्या आहेत.

पहिली, फेकाफेकी. परदेशी कृतीत रोज निम्मं स्टार्टर केरात टाकायला सांगतात आणि आपली माणसं मुकाट्यानं टाकतात. ज्या घरात ताटात शीत राहिलं तर मुलांना बोलणी बसतात त्या घरात रोज वाटीभर पीठ केरात! मुळात एवढं स्टार्टर लागतच नाही. २०-२५ ग्रॅम फ्रिजमध्ये ठेवा, आठवड्याला खुराक द्या, भाजायच्या आदल्या दिवशी वाढवा. उरलंच तर त्यात बेसन, कांदा, कोथिंबीर घालून धिरडी घाला. आंबूस धिरड्याला नावं ठेवणारा मराठी माणूस मला अजून भेटायचा आहे.

दुसरी, विकतचं ‘जुनं’ स्टार्टर. शंभर वर्षांची परंपरा सांगून वाळवलेल्या पुड्या विकल्या जातात आणि लोक त्याला पैसे मोजतात. जगभरातून ५०० स्टार्टर गोळा करून केलेला एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात असं दिसलं की बरणी कुठल्या मुलखातली आहे यावरून तिच्यात कोण राहतं याचा फारसा अंदाज बांधता येत नाही. तुमच्या डब्यातल्या कणकेत लागणारं सगळं आहे. ती पाण्यात कालवा, रोज खुराक द्या. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जो जोरदार फेस येतो तो यीस्टचा नसतो, तो इतर जीवाणूंचा, आणि वासही बरा नसतो. मग सगळं एकदम थंड पडतं. बहुतेक जण इथं बरणी धुऊन टाकतात. धुऊ नका. आतमध्ये आम्ल वाढतंय, नको असलेले जीव मरतायत, आठवड्या-दहा दिवसांत यीस्ट डोकं वर काढेल.

आंबवण्यासाठी इतका धीर धरायचा म्हणजे काहीतरी पाश्चात्त्य साधना आहे असा एक सूर हल्ली ऐकू येतो, तो मला खटकतो. दिवाळीचा अनारसा घ्या. तांदूळ तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, निथळून सावलीत पंचावर पसरायचे, दमट असतानाच कुटायचे, चाळायचे, गुळात मळून डब्यात दाबून आणखी काही दिवस मुरायला ठेवायचे. मग खसखशीवर थापून, खसखशीची बाजू वर ठेवून मंद तुपात सोडायचा आणि झाऱ्यानं वरून तूप उडवायचं. जाळी पडली तर सगळं जिंकलं; गूळ किंवा ओल जास्त झाली तर अनारसा तुपात हसतो, म्हणजे विरघळून पसरतो. यात यीस्टची पुडी नाही, सोडा नाही, थर्मामीटर नाही. हवा दमट आहे की कोरडी हे बघून तांदूळ किती वाळवायचे ते ठरवणाऱ्या बायका आपल्या घरांत होत्या, अजूनही आहेत. गोव्यात पोदेर, म्हणजे पाववाले, पाव फुगवायला माडाची सूर वापरत आणि सणाची तांदळाची सान्नां सुरेवर फुगत. सूर दुर्मीळ झाली तशी बेकऱ्यांत यीस्ट आलं. सावरडो करणाऱ्यानं पुस्तकं जरूर वाचावीत, पण अनारशाचं पीठ मळणाऱ्या एखाद्या मावशींशेजारी पाटावर बसावं. पीठ कधी तयार झालं हे बोटांनी कसं ओळखायचं, ते तिथं शिकता येतं.

मग दोरे. जाड सुती दोरा घ्या. नायलॉन किंवा पॉलिस्टरचा ओव्हनच्या धगीत वितळतो. चार तुकडे तेलात बुडवून ताटात चांदणीसारखे पसरा, फ्रिजमधला गार गोळा मधोमध पालथा घाला, दोऱ्यांची टोकं वर आणून सैल गाठ मारा. सैल म्हणजे गोळा आणि दोरा यांत करंगळी शिरेल इतकी. पाव ओव्हनमध्ये फुगणार आहे, त्याला जागा हवी. आवळलेला दोरा पिठात रुततो आणि भाजल्यावर सालासकट निघतो. गोळा रात्रभर ठेवायला वेताची परदेशी टोपली मागवायची गरज नाही, रोवळीत सुती पंचा घालून त्यावर तांदळाची पिठी भुरभुरली की झालं. बिडाचं झाकणाचं भांडं ओव्हनमध्ये २३०-२४० अंशांवर अर्धा तास तापवा, गोळा आत ठेवून झाकण लावा. वीस मिनिटं त्याच्याच वाफेत राहू द्या, मग झाकण काढून रंग गडद होईस्तोवर आणखी वीस-पंचवीस. फिकट बदामी रंगावर बाहेर काढू नका, चव त्या पुढच्या दहा मिनिटांत येते. आणि गरम कापू नका. दोन तास तरी थांबा. आतलं स्टार्च बसायला तेवढा वेळ लागतोच, नाहीतर सुरीला लगदा येतो.

घरच्या पावाबद्दल एवढं बोललो तर दुकानातल्या पावाबद्दल बोलायलाच हवं. आमच्या भागातल्या एका दुकानात सणाचा म्हणून रंगीत फीत बांधलेला ‘सावरडो’ मिळाला. मागचं लेबल वाचलं: मैदा, यीस्ट, ॲसिडिटी रेग्युलेटर, प्रिझर्वेटिव्ह २८२. २८२ म्हणजे कॅल्शियम प्रोपिओनेट, बुरशी रोखणारं. ते कायदेशीर आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आंबटपणाची आहे. जो आंबटपणा रात्रभराच्या आंबवणातून यायचा तो चमच्यानं घातला आणि किंमत मात्र रात्रीची लावली. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.

वेळ वाचवण्याची ही हाव पावाच्या धंद्याला नवी नाही. १९६१ मध्ये इंग्लंडमधल्या चोर्लीवूडला यंत्रानं जोरदार घुसळून पिठाचे आंबवणाचे तास जवळजवळ पुसून टाकणारी पद्धत निघाली आणि जगभर पसरली. पीठ आपोआप मुरू देण्याऐवजी ते झटपट बळकट करायला पोटॅशियम ब्रोमेट वापरलं जाई. मे २०१६ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटनं पाव, बन, पिझ्झा वगैरेंचे ३८ नमुने तपासले. त्यांतल्या ८४ टक्क्यांत पोटॅशियम ब्रोमेट किंवा आयोडेट सापडलं. ब्रोमेटमुळे माणसाला कर्करोग होण्याची शक्यता कर्करोगावरच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेनं आधीच नोंदवली होती. महिन्याभरात अन्नसुरक्षा प्राधिकरणानं ते परवानगीच्या यादीतून काढलं. तोवर आपण वर्षानुवर्षं घाईची किंमत पोटात घालत होतो.

दुसरी फसवणूक आरोग्याची. ‘सावरडो आहे, ग्लुटेनचा त्रास असला तरी चालतो’ असं विक्रेते बिनदिक्कत सांगतात. चालत नाही. गव्हाचा सावरडो ग्लुटेनयुक्तच असतो, आणि सिलिॲक आजार असलेल्या माणसाला तो साध्या पावाइतकाच अपाय करतो. लांब आंबवणानं फायटिक आम्ल कमी होतं, काहींना पचायला हलकं जातं, एवढं खरं. त्यापुढचं सांगणाऱ्याला तिथल्या तिथं थांबवा.

फ्रान्सनं याचा निकाल १३ सप्टेंबर १९९३ च्या शासकीय आदेशानं लावला. आंबवणावरचा पाव म्हणून विकायचा तर त्याचा सामू ४.३ च्या वर नको, आणि आंबवताना तयार झालेलं ॲसेटिक आम्ल दर दहा लाख भागांत किमान ९०० भाग हवं. यीस्टची पूर्ण बंदीही नाही, पिठाच्या ०.२ टक्क्यांपर्यंत मुभा आहे. म्हणजे सोवळं पाळायला सांगितलेलं नाही, मोजता येईल असा प्रामाणिकपणा मागितला आहे. ब्रिटनमध्ये रिअल ब्रेड कॅम्पेन ही चळवळ २००८ पासून अशाच खरेपणाच्या मागण्या लावून धरते आहे. आपल्याकडेही पाकिटावर दोन ओळी छापायला बेकरीचं काही जात नाही: फुगवायला काय वापरलं आणि पीठ किती तास आंबलं. ग्राहकांच्या संघटनांनी ही मागणी हाती घ्यावी. दिवाळीच्या भेटखोक्यांतून असा पाव मोठ्या भावानं विकला जातो, तेव्हा हीच वेळ आहे.

तोवर काउंटरवर उभं राहून एवढंच विचारा, ‘दादा, हे पीठ कधी मळलं होतं?’ ज्याच्या भट्टीत खरंच आंबवण होतं तो लगेच सांगतो. वेळ सांगतो, आणि काल उकाडा होता म्हणून तासभर आधीच फ्रिजमध्ये टाकावं लागलं, हेही सांगतो.